कुठे पोचलीस?

चिपळूणचे मनोहर चाळके, ज्यांना सगळी आळी नाना म्हणते, लेकीला रोज सोळा फोन करत आणि सोळाही फोन एकाच वाक्याने सुरू होत. "काही नाही गं, सहजच केला." दुसरं वाक्यही ठरलेलं असे. "कुठे पोचलीस?" तिसऱ्या वाक्याची वेळ सहसा येत नसे.

सोळा हा आकडा अंदाजाचा नाही. नानांनी एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली होती. खिडकीत बसायचं, गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची आणि 'शेरा' नावाच्या शेवटच्या रकान्यात 'वेळेवर' किंवा 'उशीर' यांतला एक शब्द टाकायचा. तिसऱ्या शब्दाची गरज त्यांना एकतीस वर्षांत पडली नाही. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, वही सुटली नाही. आता त्या वहीत एकच गाडी उरली होती. शर्वरीची.

शर्वरी ही नानांची एकुलती लेक, अडतीस वर्षांची. पहाटे मासळीचे खोके भरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला न्यायचे आणि तिथली भाजी घेऊन दुपारच्या आत चिपळुणात उतरायचं, हा तिचा धंदा. साल होतं २०४३. पुण्या-मुंबईच्या सरळ रस्त्यांवर आपोआप चालणाऱ्या गाड्या कधीच्या आल्या होत्या. पण कुंभार्लीच्या धुक्यात त्या गाड्या दर वळणावर थांबून विचार करत बसत, आणि त्यांचा विचार संपेपर्यंत मासळीला वास सुटे. त्यामुळे घाटाला अजून माणूसच लागत होता.

नानांनी वहीत रकाने आखले होते. कऱ्हाड, पाटण, हेळवाक, घाटमाथा, सोनपात्राचं वळण, पोफळी, खेर्डी, चिपळूण. जाताना आणि येताना. प्रत्येक चौकोनात वेळ हवी, म्हणजे प्रत्येक चौकोनाला एक फोन हवा.

"नाना, मोबाईलवर नकाशा आहे ना. माझा ठिपका दिसतो त्यात," शर्वरी म्हणे.

"ठिपका आहे एवढं दिसतं. ठीक आहे का ते दिसत नाही," नाना म्हणत. "आमच्या डेपोत ड्रायव्हर खिडकीशी येऊन सही करायचा, तेव्हा मी गाडी आली म्हणायचो."

खरं सांगायचं तर आठ वर्षांपूर्वी, शर्वरीची आई होती तेव्हा, वहीत रोजच्या आठच नोंदी असत. ती गेली आणि आठाचे सोळा झाले. या वाढीला नानांनी कधी कारण लिहिलं नाही. त्याच्यासाठी रकाना नव्हता.

नाना फोनवर बोलत ते कुंपणापलीकडे ऐकू जाई, आणि कुंपणापलीकडे दहा वर्षांपूर्वी राहायला आलेल्या हमीदाभाभी परकार राहत. दोन वर्षांपूर्वी त्या न राहवून म्हणाल्या होत्या, "नाना, लेक घाटात असताना फोन नका करत जाऊ."

"मला वाहतूक शिकवताय?" नाना म्हणाले होते. एकतीस वर्षांच्या नोकरीला ते लागलं. पुढच्या ईदला परकारांकडून निळ्या काठाच्या वाटीतून शिरखुर्मा आला. नानांनी तो खाल्ला आणि वाटी रिकामी परत पाठवली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. हमीदाभाभींनाही होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

जुलैतल्या एका दुपारी शर्वरी गाडीच्या काचेखाली तळहाताएवढी एक पेटी बसवत होती. नाना बाजूला उभे राहून कुठला स्क्रू वाकडा जातोय ते सांगत होते.

"हे कशाला?"

"याला अवधान म्हणतात. मालाच्या गाड्यांना वर्षाअखेर सक्तीचं होणारच आहे, मी आत्ताच बसवतेय." तिने पेचकस खाली ठेवला. "नाना, गेल्या सोमवारी तुम्ही सोनपात्राला फोन केलात, आठवतंय?"

"दहा एकेचाळीस," नाना म्हणाले.

"तेव्हा माझी गाडी पुढच्या टेम्पोपासून वीतभर अंतरावर थांबली होती."

"मोबाईल हातात धरला असशील."

"नव्हता. स्पीकरवर होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर. टेम्पोचे लाल दिवे मी बघत होते, नाना, आणि ते मला दिसले नाहीत."

"बघत होतीस आणि दिसले नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, कुठे पोचलीस. मी मनातल्या मनात मागची वळणं मोजायला गेले. गाडीत फक्त डोळे राहिले."

नाना स्क्रू दाखवायचे थांबले. हे त्यांना पटलं म्हणून नव्हे, तर त्या नोंदीपुढे त्यांनी 'वेळेवर' असा शेरा मारला होता म्हणून.

शर्वरी सांगत होती त्यात शास्त्र होतं. फोनवरचा माणूस काही विचारतो तेव्हा ऐकणारा मनात चित्र काढू लागतो. घर, दुकान, मागचं वळण. मेंदूचा जो भाग हे चित्र काढतो, तोच रस्ता पाहायलाही लागतो, आणि एका वेळी दोन चित्रं त्याला नीट जमत नाहीत. नजर रस्त्यावर पडते, नोंद होत नाही. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते, म्हणजे 'कुठे पोचलीस' विचारून उत्तर येईपर्यंत ती चाळीसेक मीटर आंधळी गेलेली असते. हात मोकळे ठेवून यात फारसा फरक पडत नाही. शेजारच्या सीटवर बसलेला माणूस वळण आलं की आपोआप बोलायचा थांबतो, कारण वळण त्यालाही दिसतं. फोनवरच्याला ते दिसत नाही, म्हणून तो थांबत नाही. अवधान ही पेटी म्हणजे शेजारी बसलेला असा एक समजूतदार माणूस. ती ड्रायव्हरच्या बुबुळांची हालचाल पाहते, स्टिअरिंगचे बारीक झोके मोजते, आणि गाडी चालू असेतो येणारा प्रत्येक फोन स्वतः घेते. तातडी असेल तर सुरक्षित जागा बघून गाडी थांबवायला सांगते, नसेल तर निरोप ठेवून घेते.

तिचा आवाज बाईचा होता आणि प्रत्येकाच्या बोलण्यात ती मध्ये येई. चिपळुणात आठवड्याभरात तिचं नाव आत्याबाई पडलं.

"शर्वरीताई गाडी चालवत आहेत," पहिल्या दिवशी आत्याबाई म्हणाली. "निरोप सांगा. गाडी थांबली की देईन."

"निरोप नाही. तिला दे."

"तातडीचं आहे का?"

"काही नाही, सहजच केला. कुठे पोचलीस विचार तिला."

"बरं. नोंदलं."

नोंदलं. हा शब्द नानांचा होता, आणि एक पेटी तो त्यांनाच ऐकवत होती. त्यांनी त्या दिवशी सोळा वेळा फोन केला आणि सोळा वेळा तो ऐकला. शर्वरी हेळवाकच्या चहाच्या टपरीशी थांबली की सगळे निरोप ऐके आणि उलटा फोन करी. "हेळवाकला आहे नाना, चहा घेतेय." एक चौकोन भरे. बाकीचे कोरे राहत. कोऱ्या चौकोनांची वही नानांनी आयुष्यात पाहिली नव्हती. ती उघडली की त्यांना बायकोच्या शेवटच्या दिवसांतला दवाखान्याचा तक्ता आठवे. मग ते ती मिटत आणि परत फोन करत.

विसाव्या दिवशी त्यांनी युक्ती केली.

"तातडीचं आहे का?" आत्याबाईने नेहमीसारखं विचारलं.

"काही नाही," नाना सवयीने म्हणाले, आणि मग म्हणाले, "पण आहे. तातडीचं आहे. कुठे पोचलीस विचार."

शर्वरी त्या वेळी घाटमाथ्यावर होती. आत्याबाईने तिला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि सांगितलं, वडिलांचा तातडीचा निरोप आहे. का ते सांगितलं नाही, कुठे पोचलात एवढंच विचारलंय. शर्वरीने दोनदा फोन लावला, माथ्यावर रेंज जात-येत होती, लागला नाही. मग ती निघाली.

घाटमाथा ते चिपळूण तिला रोज सव्वा तास लागे. त्या दिवशी ती पन्नास मिनिटांत दारात होती. नानांनी घड्याळ पाहिलं आणि कौतुकाने 'वेळेआधी' लिहिण्याचा विचारही केला. मग त्यांना गाडी दिसली. डाव्या बाजूचा आरसा नव्हता. दरवाज्यापासून मागच्या चाकापर्यंत घाटाच्या कठड्याने पत्रा सोलून काढला होता.

शर्वरी आत आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि खुर्चीत बसली. गाडीची किल्ली अजून तिच्या मुठीत होती.

"काय झालं होतं, नाना?"

नानांना खोटं बोलता आलं असतं. छातीत कळ आली होती म्हणाले असते तर मुलीने मिठी मारली असती.

"काही नाही," ते म्हणाले. "तू कुठे पोचलीस ते विचारायचं होतं."

ती ओरडली नाही. तिने मोबाईल काढला आणि अवधानचा अर्ज उघडला. त्यात एक प्रश्न होता. तातडीचा निरोप आल्यास (अ) मला लगेच थांबवून सांगावा, (ब) मी सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर सांगावा, (क) आधी दुसऱ्या कुणाला कळवावा, नाव व नंबर. शर्वरीने 'अ'वरची खूण काढली. 'ब'वर केली, 'क'वरही केली आणि तिथे एक नाव लिहिलं. खुणा कुठे केल्या आणि नाव कुणाचं, ते नानांना दाखवलं नाही. नानांनीही विचारलं नाही. त्या दिवशी काही विचारण्याची त्यांची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सोळाचे चार झाले. चारही फोनांत नाना 'काही नाही, सहजच' म्हणत आणि 'कुठे पोचलीस' विचारत, पण हळू आवाजात, कुणाच्या घरात झोपलेलं मूल आहे अशा बेताने.

गणपती उठून आठवडा झाला होता. सकाळपासून नानांना बरं वाटत नव्हतं, त्यामुळे रोजचे फोनही राहून गेले होते. दहा वीसला शर्वरीनेच हेळवाकहून फोन केला. चहा झालाय, निघते, धुकं आहे. नानांनी चौकोन भरला. पाऊण तासाने छातीवर कुणीतरी भरलेला सिलिंडर ठेवावा तसं झालं. गॅस असेल म्हणून त्यांनी ओवा चावला, वर कोमट पाणी घेतलं. मग दुखणं डाव्या जबड्यात चढलं आणि बनियन घामाने भिजलं. तेव्हा हा गॅस नाही, एवढं त्यांना कळलं.

त्यांनी शर्वरीला फोन लावला.

"शर्वरीताई गाडी चालवत आहेत. निरोप सांगा."

नानांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. अकरा सात. एकतीस वर्षांची सवय, हिशेब आपोआप झाला. माथा सुटला, पोफळी आली नाही. म्हणजे सोनपात्राच्या जवळपास, धुक्यात. एक शब्द पुरेसा होता. तो जिभेवर आलाही होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीचा सोललेला पत्रा आला. कठडा तिथे होता म्हणून पत्र्यावर भागलं होतं. सगळ्या वळणांवर कठडा नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"तातडीचं आहे का?" आत्याबाईने विचारलं.

"काही नाही." मध्ये श्वास घ्यावा लागला. "सावकाश ये म्हणावं तिला."

"बरं. नोंदलं," आत्याबाई म्हणाली, आणि नानांनी फोन ठेवला. आपण आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा फोन केला, असं त्यांना वाटलं. दुसरा कुणाला करावा, याचा विचार करायला ते पलंगावर टेकले आणि उठलेच नाहीत.

चार मिनिटं झाली असतील. फाटक वाजलं. हमीदाभाभी आत आल्या, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची. मागून त्यांचे यजमान इस्माईलभाई लंगडत येत होते.

"उठायचं नाही, नाना. चालायचंही नाही. रुग्णवाहिका निघाली आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्याबाईचा फोन आला. म्हणाली, चाळक्यांकडे जा, दारात थांबून हाका मारत बसू नका, सरळ आत जा." त्यांनी नानांच्या पाठीशी उशी लावली. "भांडण नंतर पुढे चालू करू. पाणी हवंय?"

डॉक्टर तरुण होते आणि तोंडाने फटकळ. रक्तवाहिनी मोकळी करून झाल्यावर ते म्हणाले, "आजोबा, अजून अर्धा तास गेला असता तर आपल्या दोघांपैकी मी एकटाच बोलत बसलो असतो."

शर्वरी आली तेव्हा नाना जागे होते. तिने त्यांचा हात हातात घेतला.

"तुला कुठे सांगितलं आत्याबाईने?" नानांनी विचारलं.

"पोफळीला. घाट पूर्ण उतरल्यावर. गाडी बाजूला घ्यायला लावली, बंद करायला लावली आणि मग म्हणाली, नाना दवाखान्यात आहेत, डॉक्टर त्यांच्याजवळ आहेत, ते बोलताहेत. आधी हमीदाभाभींशी बोला आणि मग निघा."

"पोफळीहून किती लागली?"

"पस्तीस मिनिटं. रोजचीच."

नानांनी डोळे मिटले. सलाईनपेक्षा त्यांना हे जास्त लागू पडलेलं दिसलं.

"पण तिला कळलं कसं?" ते म्हणाले. "मी तर काही नाही म्हणालो."

"मीही तेच विचारलं तिला." शर्वरीने स्टूल पुढे ओढलं. "म्हणाली, नानांचे चारशे बारा फोन माझ्याकडे आहेत. चारशे बाराही वेळा 'काही नाही' म्हणाले, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. पण चारशे बाराही वेळा त्यांनी 'कुठे पोचलीस' विचारलं. आज विचारलं नाही."

नानांनी पडल्या पडल्या गुणाकार केला. वीस दिवस सोळा, तीनशे वीस. पुढचे तेवीस दिवस चार, ब्याण्णव. चारशे बारा. बरोबर होतं. त्यांच्याइतकी चोख नोंद ठेवणारं कुणीतरी त्यांना भेटलं होतं, आणि ते दोन महिने तिला नावं ठेवत होते.

पेटी बनवणाऱ्यांनी सुरुवातीला तातडीच्या शब्दांची यादी करून पाहिली होती. आपल्याकडे ती चालेना. दूध उतू गेलं की माणसं 'मेले, मेले' म्हणतात आणि खरंच मरायला टेकली की 'काही नाही, तुम्ही जेवून घ्या'. तेव्हा त्यांनी यादी टाकून दिली आणि यंत्राला माणूस शिकवायला घेतला. फोन करणारा एरवी कसा बोलतो, एका श्वासात किती शब्द घेतो, काय विचारल्याशिवाय राहत नाही. मग ज्या दिवशी तो स्वतःसारखा बोलत नाही, त्या दिवशी यंत्र कान टवकारतं.

"आणि त्या अर्जात तू यांचं नाव टाकलंस?" नाना कुजबुजले. हमीदाभाभी खिडकीशी बसल्या होत्या. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही कुणाचं सांगितलं असतं?"

नानांनी प्रामाणिकपणे विचार केला. डेपोतले सोबती गेले होते किंवा मुलांकडे गेले होते. कुंपणापलीकडचं घर सोडून दुसरं नाव सापडेना.

संध्याकाळी शर्वरी भाजी उतरवून यायला गेली. नाना म्हणाले, "भाभी, दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला बोलला होतात. मी उलट बोललो."

"बोललात खरं."

"तुम्हाला कसं ठाऊक होतं?"

हमीदाभाभींनी नवऱ्याकडे बघितलं. "यांचा पाय बघता ना?"

"लहानपणापासूनचा असेल असं मी धरून चाललो होतो."

"लहानपणापासूनचा कसला? लग्नात माझ्यापुढे चालत होते. अपघाताला वीस वर्षं झाली. हे रिक्षावर होते, मी फोन केला. कांदे संपलेत, येताना आणा. किती किलो, असं विचारता विचारता रिक्षा मोरीच्या कठड्यावर. कांद्यांसाठी, नाना. अर्ध्या तासाने घरीच येणार होते."

मग इस्माईलभाई म्हणाले, "दोन किलो सांगितले होते हिने. ते राहूनच गेले."

हमीदाभाभी हसल्या आणि त्यांनी पदराने डोळे पुसले. रोज कुंपणापलीकडून एक माणूस लंगडत जात होता आणि नोंद ठेवण्याचा एवढा अभिमान असलेल्या नानांनी त्याच्यापुढे कधी 'का' असा रकाना आखला नव्हता.

घरी आल्यावर पंधरा दिवस परकारांकडून तांदळाची पेज येत होती, निळ्या काठाच्या त्याच वाटीतून. सोळाव्या दिवशी नाना काठी टेकत आळीच्या टोकापर्यंत गेले, पेढे आणले, कारण स्वतः करायचं तर त्यांना चहापलीकडे काही येत नव्हतं, आणि वाटी काठोकाठ भरून स्वतः देऊन आले. वाटी जड होती, तेवढं पुरलं.

दुसऱ्या सकाळी त्यांना आठवलं की एक माणूस राहिलंय. शर्वरी गाडीवर होती. त्यांनी फोन लावला.

"शर्वरीताई गाडी चालवत आहेत. निरोप सांगा."

"ठाऊक आहे मला. तिला काही सांगायचं नाही. तुझ्याशीच काम होतं." नाना खाकरले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ड्रायव्हरांना रागावलं होतं, कंडक्टरांना रागावलं होतं. आभार कुणाचे मानावे लागले नव्हते, त्यामुळे त्याचे शब्द कुठे ठेवलेत ते सापडेना. "काही नाही," ते शेवटी म्हणाले. "सहजच केला." आणि फोन ठेवून ते समाधानाने खुर्चीत रेलले.

चार मिनिटांत फाटक वाजलं. हमीदाभाभी धापा टाकत दारात उभ्या होत्या. या वेळी दोन्ही चपला नवऱ्याच्या.

"काय होतंय, नाना?"

"कुठे काय? मी तिचे आभार मानत होतो."

हमीदाभाभी उंबऱ्यावरच बसल्या. श्वास खाली बसल्यावर म्हणाल्या, "मग मानताना तेवढं विचारायचं तरी. कुठे पोचलीस म्हणून. मला धावायला नको."

तेव्हापासून नाना दिवसातून एकच फोन करतात. "काही नाही, सहजच. कुठे पोचलीस?" ते विचारतात, आत्याबाई "बरं, नोंदलं" म्हणते आणि दोघंही आपापल्या कामाला लागतात. उत्तराची वाट कुणी बघत नाही.

वही अजून आहे. कऱ्हाडपासून खेर्डीपर्यंतचे सगळे चौकोन रोज कोरे राहतात आणि नाना ते कोरे राहू देतात. दुपारी दारात गाडी थांबते, शर्वरी खिडकीशी येऊन "नाना" म्हणते. मग ते चष्मा लावतात, शेऱ्याच्या रकान्यात आयुष्यातला तिसरा शब्द लिहितात आणि वही मिटतात.

आली.